सॅन्टन मिस्त्रीचे सहा मॅनेजर

वसईच्या पाचूबंदरात कुणी फार चिडचिड करायला लागला की म्हातारी माणसं अजून म्हणतात, "झाला याचा सॅन्टन मिस्त्री!" म्हणणाऱ्याला गंमत वाटते. पण सॅन्टन का चिडायचा हे विचाराल, तर दहांतल्या एकालाही धड सांगता येणार नाही. तो मुळातला चिडका नव्हता. परळच्या एका कापडगिरणीच्या इंजिनघरात त्याने बावीस वर्षं काढली, तिथे त्याचा आवाज कधी चढला नव्हता. चढवून तरी काय करणार म्हणा, त्या धडधडाटात ऐकणार कोण? त्याला चिडका केला तो त्याच्या गावानं, आणि गावातल्या सहा गल्ल्यांनी.

गोष्ट अशी झाली. १९५१ साली कोळ्यांच्या सहकारी मंडळीनं बंदरावर स्वतःचा बर्फाचा कारखाना घातला. तोवर बर्फ मुंबईहून यायचा, भुशात गुंडाळलेला, आणि वसईला पोचेस्तोवर अर्धा पाणी होऊन जायचा. आता गावातच एक जुनं ऑइल इंजिन आलं. ते पट्ट्यानं कंप्रेसर फिरवायचं, कंप्रेसर गॅस फिरवायचा, आणि मिठाच्या पाण्याच्या भल्यामोठ्या टाकीत डब्यांमधलं पाणी गोठून लाद्या व्हायच्या. यंत्रातलं कळणारा गावात एकच, नुकताच गिरणी सोडून घरी आलेला सॅन्टन. त्याला मिस्त्री नेमला. इथवर सगळं झकास.

मग मॅनेजर कुणाला करायचं, हा प्रश्न आला, आणि गावानं तो आपल्या रीतीनं सोडवला. पाचूबंदरात सगळं पाळीनं. समुद्रात डोलीची, म्हणजे खुंटांना बांधायची पिशवीसारखी, जाळी लावायच्या जागा दरवर्षी गल्लीगल्लीत फिरतात, म्हणजे चांगली जागा एकाच गल्लीनं गिळू नये. चर्चला इथे देऊळच म्हणतात, त्या देवळाच्या सणाचा यजमान पाळीनं, होळीचा मान पाळीनं. ख्रिस्ती असो की हिंदू, पाळी मोडणाऱ्याला कुणी पाणी विचारत नाही. तेव्हा कारखान्याचा मॅनेजरही पाळीनं! सहा गल्ल्या, प्रत्येकीला एक वर्ष. पावसाळा संपताना नारळी पौर्णिमेच्या सुमाराला जुना उतरायचा, नवा चढायचा. शिवाय नियम असा की चालू इंजिन बंद करायचा हुकूम फक्त मॅनेजरनं द्यायचा, मिस्त्रीनं नाही. बर्फ थांबला तर सगळ्या गावाची मासळी सडते, मग तो निर्णय एकट्या मिस्त्रीच्या हातात कसा द्यायचा? ऐकायला किती न्यायाचं वाटतं, नाही? सॅन्टननं हे ऐकलं तेव्हाच कपाळावर हात मारला होता.

कारण गिरणीत तो एकच गोष्ट शिकून आला होता. तिथे रुस्तमजी नावाचे एक पारशी इंजिनियर होते. ते सांगायचे, यंत्र काही एका दिवसात मोडत नाही. पंधरा दिवस आधीपासून ते कुरकुरत असतं. पण नुसत्या फिटरनं ती कुरकुर ऐकून भागत नाही. ज्याच्या तोंडात "बंद करा" म्हणायची ताकद आहे, त्याला ती ऐकू आली पाहिजे. मॅनेजरनं पाना हातात घ्यायचा नसतो, त्यानं वेळेवर थांबवायचं असतं. सॅन्टन पुढं आपलं जोडायचा, दुरुस्ती करणारे दहा मिळतात. मासळीचे ढीग दारात पडलेत, बायका ओरडताहेत, आणि तरी "आज बंद" म्हणणारा एक मिळत नाही.

आणि सॅन्टनला तो एक लवकर मिळायला हवा होता. ज्या इंजिनघरानं त्याला हे शिकवलं, त्यानंच त्याचे कान नेले होते. गावी आल्यावर डॉक्टरनं तपासून सांगितलं की कानाची शीर मरत चाललीय, याला औषध नाही. आज जे ऐकू येतं तेही पाच-सहा वर्षांत जाईल. हे फक्त त्याच्या बायकोला, लूर्डसला, ठाऊक होतं. कान जायच्या आत यंत्राचं ऐकणारा आणि गावाच्या तोंडावर ते बंद करणारा एक मॅनेजर तयार करायचा, एवढंच सॅन्टनला आयुष्यात उरलेलं काम वाटत होतं. एकच माणूस हवा होता हो त्याला. फार मागणं होतं का?

पहिला मॅनेजर आला पहिल्या गल्लीचा हरेश्वर. तांडेल माणूस, म्हणजे होडीचा म्होरक्या, वादळातून होडी परत आणणारा. सॅन्टनला वाटलं, वा, असाच छातीचा माणूस पाहिजे. त्यानं हरेश्वरला एक हातभर लोखंडी सळई दिली. तिचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, की आतला बारीकसारीक आवाज कानात येतो. एक वही दिली. रोज तेल किती, पाणी किती गरम, कुठे गळतंय, कुठला आवाज नवा, सगळं लिहायचं. आणि दर पंधरा दिवसांनी आयतवारी इंजिन दिवसभर बंद ठेवून आतून तपासायचं. गिरणी आयतवारी बंद असायची, म्हणून आयतवार.

हरेश्वरनं सळई कानाला लावली, हसला आणि ठेवून दिली. "मिस्त्री, दर्यात होडीला भोक पडला तर आमी काय होडी थांबवतो? एक जन पानी उपसतो, बाकीचे जाला ओढतात."

"होडी फुटली तर पवता येतं, हरेश्वर," सॅन्टन म्हणाला. "हा फुटला तर कुठं पवनार?"

पण ऐकतो कोण! पहिला आयतवार कसाबसा पाळला. दुसरा आयतवार आला तो ऐन पौर्णिमेच्या उधाणात. डोली फुटेस्तोवर बोंबील आला होता, आणि सॅन्टन म्हणतोय बंद करा. हरेश्वरनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं देऊळ पाडायला सांगितलंय. तिसऱ्या खेपेलाही तेच. "चालतंय ना? मग कशाला पोट फाडता त्याचा?" पुढच्या उधाणाला इंजिनाचा वॉल्व्ह तुटून आत पडला आणि कारखाना तीन दिवस ठप्प झाला. बोंबील वाळत तरी घालता आला, पण सरंगा आणि घोळ वाळूवर सडली. निर्मळचे बागाईतदार बैलगाड्या घेऊन आले आणि ती मासळी केळींच्या बुडाला खत म्हणून घेऊन गेले. सरंगा खताला! बायकांनी हरेश्वरला आणि सॅन्टनला एकाच दमात असल्या शिव्या घातल्या की विचारू नका.

चौथ्या दिवशी हरेश्वर आपण होऊन आला. मान खाली होती, पण बोलला ते सरळ. "मिस्त्री, चूक माजी हाय. पन तुमची पन हाय. आयतवार दर्याला कळतो काय? बंद करायचा तर भांगाला करा."

सॅन्टनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि स्वतःची लाजही वाटली. आठमी-नवमीला भरती-ओहोटी मंदावते, त्याला भांग म्हणतात. त्या दोन-तीन दिवसांत डोलीत मासळी येत नाही, होड्या किनाऱ्याला असतात आणि कोळी तेव्हाच होडीचं बूड खरवडतो, जाळी सांधतो. जन्मापासून डोळ्यांसमोर असलेली गोष्ट! कोळ्याच्या पोरानं गिरणीचा आयतवार गावात आणला होता. त्या दिवसापासून इंजिन भांगाला थांबायला लागलं. पुढचे सहा महिने हरेश्वर स्वतः तिथी बघून बंद करायचा, सळई लावून ऐकायचा. चैत्रात तर एकदा म्हणाला, "मिस्त्री, पानी फिरवनारा पंप आज खोकतोय." उघडून बघितलं तर खरंच आतला कातडी वायसर फाटलेला. सॅन्टन त्या दिवशी घरी शीळ घालत गेला. लूर्डसनं लग्नानंतर पहिल्यांदाच त्याची शीळ ऐकली.

आणि श्रावणात हरेश्वरची पाळी संपली.

सॅन्टन मंडळीच्या चेअरमनकडे, अँथनी नाखवाकडे गेला. हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. "याला राहू द्या. एक वर्ष घालवलंय मी याच्यावर."

"सॅन्टन, तुजा खरा हाय," अँथनी नाखवा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, म्हणूनच जास्त राग यायचा. "पन एका गल्लीला दोन वर्सं दिली, तर उद्या डोलीची जागा पन दोन वर्सं मागतील. मग मारामाऱ्या व्हतील. तू दुसऱ्याला शिकव. शिकवायला तुला काय झयला?"

शिकवायला तुला काय झालं! हे वाक्य सॅन्टननं पुढं पाच वर्षं ऐकलं.

दुसरा मॅनेजर फेबियन, दोर आणि जाळ्यांचा दुकानदार. अतिशय टापटिपीचा. त्यानं इंजिनाला हिरवा रंग दिला, पितळ घासून त्यात तोंड दिसेल असं केलं, आणि वही तर अशी लिहिली की मोत्यासारखं अक्षर. रोज तेल ठीक, पाणी ठीक, आवाज ठीक. सॅन्टन महिनाभर खूश होता. मग एका बुधवारी त्यानं वही चाळली, तर शुक्रवार आणि शनिवारही ठीक असल्याचं लिहिलेलं! फेबियन म्हणाला, "मी मुंबईला जानार होतो दोन दिवस, म्हनून लिवून ठेवला." सॅन्टननं वही त्याच्या अंगावर फेकली. फेबियन आठवडाभर बोलला नाही, पण इंजिनाचं पितळ मात्र रोज घासत राहिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

तिसरा क्लेमेंट. याला सगळं कळायचं. कुठला नट सैल आहे हे दुरून सांगायचा. पण बायका टोपल्या घेऊन दारात उभ्या राहिल्या की याचा धीर सुटायचा. "घ्या बाबा, घ्या, बंद नाय करत," असं म्हणून मागल्या दारानं पसार. चौथा रोज सकाळी येऊन इंजिनाला हात जोडायचा आणि निघून जायचा. पाचव्यानं सगळं वर्ष एकच प्रश्न विचारला, की माजी पाळी संपेपर्यंत टिकेल ना? टिकलं की पुढच्याचं तो बघेल. प्रत्येकाला सॅन्टननं पहिल्यापासून शिकवलं, ही सळई, ही वही, हा भांग. शिकवून जरा आकार यायला लागला की श्रावण यायचा. पालथ्या घड्यावर पाणी ओततोय आपण, असं तो लूर्डसला म्हणायचा. लूर्डस म्हणायची, "अवो, हळू बोला. मी हितंच हाय."

कारण आता तो ओरडूनच बोलायचा. पाच वर्षांत कान बरेचसे गेले होते. सळई तो कानाला लावायचा सोडून दातांत धरायला लागला होता. हादरे दातांतून डोक्यात जायचे, त्यावरून तो अंदाज बांधायचा. लोकांना वाटलं, मिस्त्रीची ही काहीतरी मुंबईची खास विद्या असणार. दुपारी बाराला देवळाची घंटा झाली की बंदरावरची ख्रिस्ती माणसं काम थांबवून, टोपी काढून प्रार्थना म्हणायची. सॅन्टन एखाद-दोन क्षण हातोडी मारतच राहायचा, मग आजूबाजूला बघून गडबडीनं टोपी काढायचा. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, असं त्याला वाटत होतं.

सहावी पाळी आली १९५६ साली आणि सहाव्या गल्लीनं पाठवला आग्नेल. सॅन्टनला वाटलं थट्टा करताहेत. आग्नेल म्हणजे गावातला एकमेव कोळी ज्याला होडी लागायची. खाडीच्या तोंडापर्यंत गेला की ओकायचा. म्हणून तो किनाऱ्यावर बसून इतरांची जाळी विणायचा आणि देवळाची घंटा वाजवायचा. वारा जरा वाढला की घरची कवाडं लावून घ्यायचा, कुत्रं भुंकलं तर रस्ता बदलायचा. गल्लीतले बाकी सगळे बाप्ये त्या वर्षी नव्या होड्या घेऊन दर्यात निघाले होते, म्हणून उरलासुरला हा मॅनेजर!

"जेजू! पाच वाघ दिलेस आनि काय झयला नाय," सॅन्टन घरी येऊन म्हणाला, "आता हा ससा देतोस?"

ससा इंजिनाजवळ आला तोच कानांवर हात ठेवून. पहिले आठ दिवस तो दारातूनच बघत होता. मग प्रश्न सुरू झाले. हे गरम का? हे किती गरम म्हणजे फार गरम? हे तुटलं तर कुठल्या बाजूला उडेल? मग मी कुठल्या बाजूला उभं राहू? सॅन्टनचं टाळकं सणकायचं. आणि सगळ्यांत जास्त कशानं सणकायचं, तर आग्नेल आवाजांबद्दल विचारायचा त्यानं.

"मिस्त्री, हा टिकटिक कसला?"

"कुठला?"

"हा. आता परत झयला."

सॅन्टनला काही म्हणजे काही ऐकू येत नसे. "पट्ट्याचा सांधा असंल!" तो ठोकून द्यायचा. "डोका खाऊ नको माजा." आग्नेल मग हळूच जाऊन पट्टा बघायचा, नंतर पंप बघायचा, आणि वहीत काहीतरी लिहायचा. पानंच्या पानं लिहायचा तो. तेल, पाणी, आवाज, वास, कुठल्या तिथीला कुठला हादरा, सगळं. भांगाला इंजिन उघडायचा तेव्हा प्रत्येक नट मोजून थाळीत ठेवायचा, लावताना पुन्हा मोजायचा, आणि घरी जाऊन परत यायचा, एक राहिला तर नाही ना हे बघायला. गाव पोट धरून हसायचं. सॅन्टनला हसूही यायचं नाही. शेवटची पाळी, शेवटचं वर्ष, कान जवळजवळ गेलेले, आणि पदरात पडलं हे भित्रं माणूस. याला "बंद करा" म्हणायला सांगितलं तर आवाज तरी फुटेल का?

मार्गशीर्षातली पौर्णिमा होती. उधाण असं की दोन वर्षांत तेवढी मासळी नव्हती. सकाळपासून होड्या लागत होत्या. वाळूवर सरंग्याचे ढीग, बायकांचा कलकलाट, बर्फाच्या लाद्या निघतील तशा उचलल्या जात होत्या. दहाच्या सुमाराला सॅन्टन किनाऱ्यावर एका होडीचं सुकाणू बघत होता, तेवढ्यात माणसं धावत आली. आग्नेलनं इंजिन बंद केलं!

सॅन्टन पोचला तेव्हा दारात ही गर्दी. हरेश्वर होता, क्लेमेंट होता, अँथनी नाखवा होता, आणि टोपल्या घेतलेल्या पन्नासेक बायका. आत आग्नेल इंजिन सुरू करायचा दांडा छातीशी धरून उभा. पांढराफटक पडला होता.

"काय झयला?" सॅन्टन गरजला.

"आवाज हाय, मिस्त्री. आत, खाली. ठक ठक. काल सांजचा नव्हता."

"सुरू कर. मी बगतो."

इंजिन सुरू केलं. सॅन्टननं सळई दातांत धरली, एकदा इथे टेकवली, एकदा तिथे. मोठा ठोका नेहमीसारखाच, एकसारखा लागत होता. दोन मिनिटांत आग्नेलनं न विचारता परत बंद केलं, आणि तिथे सॅन्टनचा तोल सुटला. सहा वर्षांचा सगळा राग बाहेर आला. "काय नाय त्याला! ऐन उधाणात बंद करतोस? दर्याला भितोस, कुत्र्याला भितोस, आता इंजिनाला भ्यायला लागलास! तुज्यासारक्याला मॅनेजर केला ती गावाची चूक. दे तो दांडा!"

गर्दीला हेच हवं होतं. मिस्त्रीच म्हणतोय काही झालं नाही! बायका पुढं सरकल्या. एक-दोघांनी आग्नेलच्या हातातला दांडा ओढायलाही घेतला. आग्नेल रडवेला झाला होता, पण त्यानं तो सोडला नाही.

"भितो मी," तो म्हणाला. "भितो म्हनूनच बंद केला. नाय देनार. मॅनेजर मी हाय. खालचा झाकन उघडा, काय नाय निघाला तर मला गावातून हाकला."

हरेश्वर मध्ये पडला नसता तर काय झालं असतं कोण जाणे. तो इंजिनाजवळ बसला, त्यानं पाना घेतला आणि सॅन्टनकडे न बघता झाकणाचे नट सोडवायला लागला. झाकण निघालं. सॅन्टननं आतल्या तेलात हात घातला आणि बोटं वर काढली. तेलात चांदीसारखे बारीक कण चमकत होते. आतल्या पिस्टनच्या दांड्याच्या बुडाशी असणारं बेरिंग झिजून, वितळून, त्याचा पांढरा धातू तेलात उतरला होता. अजून तासभर चाललं असतं तर तो दांडा इंजिन फोडून भिंतीतून बाहेर आला असता. आणि भिंतीपलीकडे सावलीला आठ-दहा बायका पोरंबाळं घेऊन बसल्या होत्या.

 सॅन्टन आपल्या बोटांकडे बघत राहिला. आतला तो ठक ठक आवाज त्याच्या दातांना लागलासुद्धा नव्हता.

आग्नेलच पहिला बोलला, घाईघाईनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मिस्त्रींनीच सांगितलेला मला. काल. म्हनले, खाली लक्ष ठेव."

त्याचं म्हणणं सॅन्टनला ओठांवरून कळलं. आणि हेही कळलं की घंटा वाजवणाऱ्या या माणसानं देवळाच्या बुरुजावरून रोज बाराला त्याची उशिरा निघणारी टोपी बघितली होती. त्याला सगळं माहीत होतं, केव्हापासून कोण जाणे. सॅन्टनला त्याचाही राग आला, आणि स्वतःचा तर इतका की डोळ्यांत पाणी आलं.

"खोटा बोलू नको," तो म्हणाला. "मी काय सांगितला नव्हता. मला ऐकायलाच येत नाय. ऐका सगळे! सॅन्टन मिस्त्री भैरा झयला. हा बरोबर होता आनि मी याला भित्रा म्हनलो. गावासमोर म्हनलो, गावासमोरच परत घेतो." मग बाह्या वर करून त्यानं नवं बेरिंग काढलं, ते त्यानं पावसाळ्यातच आणून ठेवलं होतं. दुपारी चारला इंजिन परत सुरू झालं. टाकीतल्या तयार लाद्यांवर बहुतेक मासळी तरली, थोडी सडली. त्या दिवशी मात्र शिव्या कुणी दिल्या नाहीत.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. सॅन्टनला त्याचा माणूस मिळाला होता! उरलेलं वर्ष त्यानं आग्नेलला जे जे येत होतं ते सगळं दिलं. बेरिंग कसं बसवायचं, वॉल्व्ह कसा घासायचा, आवाज कसा ओळखायचा. आवाज आग्नेल सांगायचा, त्याचं कारण सॅन्टन सांगायचा. दोघं मिळून एक धड माणूस झाले होते. आणि मग श्रावण आला.

सभा आयतवारी मिस्सा सुटल्यावर मंडळीच्या शेडमध्ये भरली. सहा गल्ल्या संपल्या होत्या, आता पाळी परत पहिल्या गल्लीवर. पहिल्या गल्लीनं हरेश्वरला पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण नाही, त्याची एकदा झाली होती ना! गल्लीतल्या दुसऱ्याचं नाव आलं. आणि अँथनी नाखवानं उठून मोठ्या कौतुकानं जाहीर केलं, की आग्नेलनं गाव वाचवलं, त्याची कदर म्हणून सॅन्टनच्या जागी आता आग्नेलला मिस्त्री करतोय. टाळ्या पडल्या. लूर्डसनं सॅन्टनच्या कानाशी ओरडून ते सांगितलं.

सॅन्टन उभाच राहिला. "अरे, अक्कल गहाण टाकली काय रे सगळ्यांनी? मिस्त्रीला बंद करायचा हक्क कुठं हाय? जो एक मानूस बंद करायला शिकला, त्याच्या हातातनं तुमी तेवडाच काढून घेता? त्याला पाना देता? सहा वर्सं मी काय शिकवत होतो?"

मग एकदम सगळे बोलायला लागले. शंभर तोंडं हलत होती. सॅन्टनला एक अक्षर लागेना. तो या ओठांकडून त्या ओठांकडे बघत होता, आणि ज्या भांडणासाठी तो सहा वर्षं झुरला ते भांडण त्याच्या समोर चाललं असताना तो त्यात नव्हता. शेवटी त्यानं आग्नेलचा दंड धरून त्याला उभा केला.

"तुला ऐकायला येतं. तू बोल."

आग्नेलला सभेत उभं राहायची सवय नव्हती.  तो काहीतरी पुटपुटला.

"काय?" सॅन्टन ओरडला. "मला नाय ऐकायला आला."

तेव्हा आग्नेलनं बहिऱ्या माणसाला सांगतात तसं, सगळा दम लावून सांगितलं, "म्हनलो, बंद करायचा हक्क नाय दिला तर मी मिस्त्री व्हनार नाय! मला भीती वाटते!"

 चार दिवसांवर नारळी पौर्णिमा होती, होड्या लोटायच्या होत्या, आणि गावात दुसरा मिस्त्री नव्हता. अँथनी नाखवानं डोकं खाजवलं. सहा गल्ल्यांचे सहाजण कोपऱ्यात जाऊन कुजबुजले, परत आले, आणि फेबियननं ठरावाच्या वहीत मोत्यासारख्या अक्षरांत काहीतरी लिहिलं. सॅन्टन त्याच्या हलणाऱ्या टाकाकडे बघत होता.

"काय लिवला?" त्यानं विचारलं.

आग्नेलनं तोंड त्याच्या कानाशी नेलं. "हक्क मिस्त्रीला दिला."

सॅन्टनचा चेहरा उजळला. पण त्याला अर्धंच सांगून थांबणं आग्नेलला जमेना.

"एका वर्सापुरता. पुढल्या श्रावनात परत ठरवायचा."

त्यावर सॅन्टन मिस्त्रीनं जी शिवी हासडली ती शेडमधल्या सगळ्यांनी ऐकली, बंदरावर होड्यांना तेल लावणाऱ्यांनी ऐकली, आणि देवळाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या फादरनीही ऐकली. त्याला स्वतःला ती ऐकू आली नाही, म्हणून त्यानं ती परत एकदा दिली.